माप घेणाऱ्याची परीक्षा

आमचे मूळ घर कसालचे. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो तो तिठा घरापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या पावसाळ्यात मी पंधरा दिवस तिथे होते. माझी भाचीही आली होती. चिकित्सा मानसशास्त्रातील एम.फिल.ची शेवटची परीक्षा देऊन ती निकालाची वाट पाहत होती. तिठ्यावर भाजी आणायला गेली की कोणी ना कोणी विचारायचेच, "रिझल्ट इलो काय गो?" ती मान हलवायची आणि घरी येऊन पुन्हा एकदा विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडून बघायची.

लेखी परीक्षेबद्दल ती फारसे बोलत नव्हती. तिला टोचत होता तो तोंडी परीक्षेतला एक प्रश्न. परीक्षा मानसोपचारांची होती, पण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उठता उठता विचारले, "बिने-कामत चाचणी वापरता ना? मग हे कामत कोण?"

"आत्या, ती चाचणी मी दोन वर्षांत कितीतरी मुलांना दिली. प्रत्येक प्रश्न पाठ आहे. पण कामत कोण ते मला सांगता आले नाही."

मलाही ठाऊक नव्हते. माझा विषय रसायनशास्त्र. पण प्रयोगशाळेत आम्ही कोणतेही माप वापरताना ते माप कोणी, कुठे आणि कशाशी ताडून ठरवले हे आधी विचारतो. तराजू रोज वापरायचा आणि तो कोणी प्रमाणित केला याची चौकशी करायची नाही, असे आमच्याकडे चालत नाही. म्हणून निकाल लागेपर्यंत हाच उद्योग करू, असे आम्ही ठरवले. त्यातून जे हाती आले ते शिक्षकांनाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

आणखी एक कारण होते. शेजारच्या वाडीतला एक मुलगा चौथीत आहे. गणित तोंडी चांगले करतो, पण दोन ओळी वाचायच्या म्हटल्या की घामाघूम होतो. "त्याला तपासून घ्या" असे शाळेतून सांगितले होते. भाची घरी आहे हे कळताच त्याची आई दारात आली. भाचीने मुलाशी तासभर गप्पा मारल्या, त्याला वाचायला लावले, चित्रे काढायला लावली. काय असावे याचा अंदाज तिला आला. पण कागदावर ती काही लिहून देऊ शकत नव्हती. तिच्या सहीला अजून किंमत नव्हती.

धारवाड, १९३४

डॉ. व्ही. व्ही. कामत हे धारवाडला काम करणारे शिक्षणतज्ज्ञ. त्या काळी धारवाड मुंबई इलाख्यात होते आणि तिथे कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषा बोलणारी मुले सहज सापडत. कामतांनी या दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी बिनेच्या बुद्धिमापन श्रेणीची नवी आवृत्ती तयार केली. १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक काढले. बिने-कामत चाचणी म्हणतात ती हीच. म्हणजे आजही दवाखान्यांत मुलासमोर उघडल्या जाणाऱ्या त्या पेटीमागे मराठी आणि कानडी शाळकरी मुले आहेत. त्यांची नातवंडे-पतवंडे आता त्याच प्रश्नांना उत्तरे देत असतील.

कामतांच्या आधी हिंदुस्थानात असा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्थानी भाषेसाठी बिनेची आवृत्ती केली होती. तिचे पुस्तक १९२९ मध्ये निघाले. पण मराठी मुलाला मराठीत विचारायचे प्रश्न, मराठी मुलांवरच तपासून, वयवार लावून ठेवणे हे काम धारवाडला झाले.

हे काम काय असते ते शिक्षकांना एका उदाहरणाने लगेच कळेल. प्रत्येक वयासाठी सहा प्रश्न असतात. त्या वयाच्या बहुतेक मुलांना येतील आणि त्याहून लहान मुलांना सहसा येणार नाहीत, असे ते निवडलेले असतात. लहान वयांत प्रत्येक प्रश्नाला दोन महिने. समजा, दहा वर्षांच्या एका मुलीला सहा वर्षांचे सगळे प्रश्न आले. सातव्या वर्षाचे चार आले, म्हणजे आठ महिने. आठव्या वर्षाचे दोन आले, म्हणजे चार महिने. नवव्याचा एकही आला नाही. तर तिचे मानसिक वय सहा अधिक एक, म्हणजे सात वर्षे. सात भागिले दहा गुणिले शंभर, म्हणजे सत्तर. हा भागाकार करण्याची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टेर्न यांनी १९१२ मध्ये मांडली आणि अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ च्या आवृत्तीत ती रूढ केली. कामतांनी आधाराला घेतली ती टर्मन यांचीच आवृत्ती.

आता या आधारावर धारवाडचे घर कसे बांधायचे? टर्मन मुलांना अमेरिकन नाणी ओळखायला सांगत. आपल्या मुलाला आणा-पै दाखवावी लागणार. इथवर सोपे आहे. पण अंक ऐकून पुन्हा म्हणून दाखवण्याचा प्रश्न घ्या. तो तर कुठेही सारखाच, असे वाटते. वेल्स प्रांतात १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी दाखवून दिले की तसे नाही. वेल्श भाषेतील अंक म्हणायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून वेल्श मुलांना कमी अंक लक्षात ठेवता येतात. दोष स्मरणशक्तीचा नसतो, शब्दांच्या लांबीचा असतो. हे वाचल्यावर भाचीने एक ते नऊ मराठीत आणि मग कानडीत मोठ्याने म्हणून पाहिले. मराठीतले एक, दोन, तीन, चार, पाच सारे एका झटक्यात संपतात. कानडीतले ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु प्रत्येकी दोन-तीन अक्षरांचे. मग कामतांच्या मराठी आणि कानडी मुलांना हा प्रश्न खरोखर सारखा अवघड होता का? माझ्यापुरता मी हा प्रश्न उघडा ठेवला आहे. सीमाभागातल्या एखाद्या शाळेत दोन्ही माध्यमांची मुले असतील, तर तिथल्या शिक्षकांनी तो करून पाहण्यासारखा आहे. खर्च शून्य.

बिनेचा हेतू आणि पुढचे शिक्षक

आल्फ्रेड बिने यांनी ही श्रेणी मुळात का केली, हेही इथे सांगायला हवे. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर शाळेत सगळ्या प्रकारची मुले येऊ लागली. मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांच्यासाठी वेगळी मदत उभी करावी, म्हणून शिक्षण खात्याने १९०४ मध्ये एक आयोग नेमला. त्या कामासाठी बिने आणि त्यांचे सहकारी सिमॉन यांनी १९०५ मध्ये पहिली श्रेणी तयार केली. कोणाला जादा शिकवणी लागेल ते शोधण्याचे हे साधन होते. मुलाची बुद्धी जन्मतःच ठरून गेली आहे आणि ती एका आकड्यात मावते, हे मत बिने यांना मान्य नव्हते. १९११ मध्ये ते वारले.

श्रेणी मात्र अटलांटिकपार गेली. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत हेन्री गॉडर्ड यांनी ती १९०८ च्या सुमारास आणली आणि शिक्षकांचे उन्हाळी वर्ग भरवून ती शिकवायला सुरुवात केली. काही आठवड्यांचा वर्ग झाला की हे शिक्षक आपापल्या गावी जाऊन मुलांना चाचण्या देत आणि कोणता मुलगा मंदबुद्धी ते ठरवत. त्या शिक्षकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. वर्गात साठ मुले असताना कोणी एक सोपी फूटपट्टी हातात दिली, तर ती आपणही उचलली असती.

याला मोठ्याने विरोध केला तो वॉलेस वॉलिन या मानसशास्त्रज्ञाने. त्यांनी आयोवा राज्यातील, स्वतःच्या जिवावर शेती उभी केलेल्या, गावात मान असलेल्या माणसांना हीच चाचणी दिली. चाचणीच्या निकषाप्रमाणे ही माणसे मंदबुद्धी ठरत होती! १९१६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याआधी एक वर्ष, १९१५ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने ठराव केला होता की मानसिक चाचण्या अपात्र व्यक्तींनी वापरू नयेत.

मानसशास्त्रज्ञाच्या सनदेचा इतिहास इथून सुरू होतो, असे मला वाटते. हे वाचेपर्यंत माझी समजूत वेगळी होती. कोणत्याही व्यवसायाची परवाना परीक्षा म्हणजे आत असलेल्यांनी बाहेरच्यांसाठी लावलेले दार, असे मी मानत असे. तो भाग त्यात आहेच. पण या बाबतीत पहिली तक्रार उठली ती मुलांवर शिक्का बसू लागल्यानंतर.

ठराव करणे सोपे. पात्र कोण हे ठरवणे अवघड गेले. १९२१ मध्ये त्याच संघटनेने सल्लागार मानसशास्त्रज्ञांना प्रमाणपत्र देण्याची योजना काढली आणि १९२७ मध्ये ती बंद केली. मधल्या काळात प्रमाणपत्र मिळाले फक्त २५ जणांना. कायद्याने पहिले पाऊल उचलले ते कनेटिकट राज्याने, १९४५ मध्ये. पुढे साठच्या दशकाच्या मध्यास साऱ्या अमेरिकी राज्यांना वापरता येईल अशी एक सामाईक परीक्षा सुरू झाली. पुण्या-मुंबईहून तिकडे जाऊन मानसशास्त्रज्ञ झालेल्यांनाही ती द्यावी लागते. तिच्यात २२५ बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांपैकी १७५ चे गुण धरतात, उरलेले ५० पुढील परीक्षांसाठी अजमावले जात असतात. कोणते कोणत्या गटातले हे उमेदवाराला कळत नाही. आपले शाळेतले पेपर काढताना, छापण्याआधी प्रश्न अजमावून पाहण्याची चैन आपल्याला कधी मिळते?

आपल्याकडची वाट

आपल्याकडे मानसशास्त्र विद्यापीठात लवकर आले. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्येच त्याचा स्वतंत्र विभाग निघाला. मुंबईत १९३७ मध्ये, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातले ते पहिले. पण मनाच्या आजारांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ घडवण्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. बंगलोरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पदविका सुरू झाली. ही संस्था पुढे 'निमहान्स' झाली. नंतर रांचीलाही असा अभ्यासक्रम सुरू झाला. कोकणात त्या वेळी मनाचा आजार म्हटला की एकच नाव घेतले जाई, रत्नागिरी. तिथले मनोरुग्णालय १८८६ पासूनचे. घरातल्या माणसाला तिकडे नेले हे शेजाऱ्यांना कळू नये, यासाठी लोक काय काय युक्त्या करत, ते मी लहानपणी ऐकले आहे.

याच काळात आणखी एक चाचणी आली, तीही आपल्या बाजूची. नागपूरला काम करणारे डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूप केले. ते १९६९ मध्ये निघाले. भाचीच्या पेटीत बिने-कामतच्या शेजारी मालिन होतेच. धारवाड आणि नागपूर या दोन गावांनी मिळून देशभरच्या दवाखान्यांतली दोन मापे दिली, हे आमच्या अभ्यासक्रमात कोणी सांगितले नाही, असे ती म्हणाली.

सनदेचा कायदा मात्र फार उशिरा झाला. आपल्या इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ चा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी आली ती भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने. तो १९९२ मध्ये संमत झाला आणि २२ जून १९९३ पासून लागू झाला. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे कामतांचे पुस्तक आल्यापासून पन्नासहून अधिक वर्षे ती चाचणी कोणी द्यावी यावर कायद्याचे बंधन नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या आणखी पक्की केली. इतर मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१ मध्ये संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा वेगळा कायदा झाला. त्यातील आयोगाच्या कामांत परवाना परीक्षा घेण्याचाही समावेश आहे.

भाचीच्या बाबतीत सनदेची निराळी परीक्षा नव्हती. एम.फिल.ची परीक्षा हीच सनदेची परीक्षा. पहिल्या वर्षी मनोविकारांच्या मुळाशी असलेली मानसिक-सामाजिक कारणे, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती, मनोविकारशास्त्र, शिवाय चाचण्यांचे प्रात्यक्षिक. दुसऱ्या वर्षी वर्तनामागचे जीवशास्त्र, मानसोपचार, शारीरिक आजारांतील मानसशास्त्र, प्रात्यक्षिक आणि प्रबंध. तपासलेल्या रुग्णांचे सविस्तर अहवाल वेगळेच. हे सारे दिवसभर रुग्णालयात काम करून. अभ्यास रात्री. आता एम.फिल. ही पदवीच संपुष्टात येत असल्याने या विषयाला तिची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली गेली होती, म्हणजे भाचीचा गट शेवटच्या काहींपैकी एक.

परीक्षकाचा तराजू

एका संध्याकाळी वीज गेलेली असताना तिने विचारले, "तोंडी परीक्षेत दुसरे कोणी परीक्षक असते तर?"

हा प्रश्न तिच्याच शास्त्राने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी विचारला आहे. फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्ये परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध लिहिला आणि गुण म्हणजे चूक पोटात घेऊन आलेले मापन आहे, असे मांडले. रसायनशास्त्रात कोणतेही माप 'अधिक-उणे इतके' असे लिहिण्याची शिस्त असते. गुणपत्रिकेवर अधिक-उणे छापलेले मी अजून पाहिलेले नाही. १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका ११६ शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमिती म्हणजे बरोबर किंवा चूक, मधले काही नाही, असा आपला समज. गुण पडले २८ पासून ९२ पर्यंत.

याहून मला अस्वस्थ करणारा प्रयोग १९३५ चा आहे. तो करणारे फिलिप हार्टॉग हिंदुस्थानच्या शिक्षणाशी जवळून जोडलेले गृहस्थ. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि १९२९ च्या हार्टॉग समितीचे नाव डी.एड.च्या पुस्तकांत आपण वाचलेले असते. त्यांनी आणि ऱ्होड्स यांनी इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांना दिल्या. वर्षभराहून जास्त काळ गेल्यावर त्याच उत्तरपत्रिका, त्यावरील खुणा काढून, त्याच परीक्षकांकडे पुन्हा पाठवल्या. १५ गुणिले १४, म्हणजे २१० निर्णय. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला. आधी उत्तीर्ण केलेला अनुत्तीर्ण झाला, अनुत्तीर्ण केलेला उत्तीर्ण, किंवा श्रेणी बदलली.

भाची हसली, पण फार नाही. प्रत्येक विषयात ५० टक्के लागतात आणि तिला ४९ ची भीती होती.

मापाची चूक फक्त परीक्षेत नसते. बिने-कामत आणि मालिन यांच्या मापांचीही अडचण आहे, आणि ती त्यांच्या वयाची. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले की पिढ्यांमागून पिढ्या मुले जुन्या चाचण्यांत अधिकाधिक गुण मिळवतात. अमेरिकेत ही वाढ दहा वर्षांत सुमारे तीन गुणांची होती. म्हणून जुन्या मुलांशी ताडले की आजचे मूल आहे त्यापेक्षा वरचे दिसते. ऐकायला हे बरे वाटते. पण ज्या मुलाला मदतीसाठी सत्तरच्या आतला आकडा लागतो, त्याला जुने माप पंचाहत्तर दाखवून घरी पाठवू शकते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी बुद्धिमापनाच्या चाचण्यांमध्ये मालिन यांच्या चाचणीचे नाव होते. १९६९ चे माप, २०१८ चे मूल. यासाठी मालिन किंवा कामत यांना दोष देता येणार नाही. त्यांनी आपले काम आपल्या काळात चोख केले होते. पुन्हा हजारो मुलांकडे जाऊन, वर्षानुवर्षे खपून नवी प्रमाणे बसवण्याचे काम पुढच्यांचे होते, आणि त्या कामाला ना पैसा मिळतो ना नाव. संशोधनात असल्याने हे मला जवळून माहीत आहे.

"मग सनद कशाला हवी?" असे मी मुद्दामच विचारले. मापही जुने, परीक्षाही डळमळीत.

"म्हणूनच हवी ना," ती म्हणाली. "आकडा कुणालाही काढता येतो, आत्या. भागाकारच तर आहे. हा आकडा आज किती धरायचा, मूल घाबरले होते का, घरी मालवणी आणि प्रश्न पुस्तकी मराठीत असे झाले का, हे अहवालात लिहायला दोन वर्षे शिकवतात."

त्या चौथीतल्या मुलाला तिने "छत्री म्हणजे काय" असे विचारले होते. तो गप्प राहिला. मग तिने बाहेरच्या पावसाकडे बोट दाखवून तेच मालवणीत विचारले आणि त्याने तीन वाक्यांत सांगितले. पहिल्या उत्तराला शून्य देऊन पुढे जाणारा कोणीही असू शकला असता.

वाट पाहणे

या किनाऱ्याला निकालाची वाट पाहण्याचा अनुभव जुना आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची. शंभराहून जास्त विद्यार्थी बसले, उत्तीर्ण झाले वीस-बावीस. त्यांत मालवणला जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते आणि महादेव गोविंद रानडेही होते. पुढे मॅट्रिकचे निकाल वर्तमानपत्रांत छापून येत. आमच्या आजोबांच्या वेळी मुंबईचा पेपर कोणाकडे येतो हे गावात सगळ्यांना माहीत असायचे आणि निकालाच्या दिवसांत त्या घरी चहाचा खर्च वाढायचा. आता निकाल हातातल्या फोनवर येतो. पण कधी येणार ते कळत नाही, ते तसेच राहिले आहे.

कॅलिफोर्नियात वकिलीच्या सनदेच्या परीक्षेचा निकाल लागायला सुमारे चार महिने लागतात. तिथल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी ही संधी साधली आणि परीक्षा दिलेल्या विधी पदवीधरांना त्या चार महिन्यांत पुन्हा पुन्हा प्रश्नावली पाठवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एक गंमत आहे. लोक वाट पाहताना जे जे उपाय करतात, म्हणजे विचार टाळणे, चांगलेच होईल असे घोकणे, वाईटाची तयारी ठेवणे, त्यांनी काळजी कमी होत नव्हती. मात्र ज्यांनी हा काळ अस्वस्थतेत काढला, त्यांना निकाल पचवणे सोपे गेले. वाईट निकालाला ते तयार होते आणि चांगल्या निकालाचा आनंद त्यांना जास्त झाला. काळजी सुरुवातीला वर असते, मध्ये खाली येते आणि निकाल जवळ आला की पुन्हा चढते, हेही त्यांच्या संशोधनात दिसले. एखाद्या कामात बुडून गेले की वेळ बरा जातो, हे त्यांच्या नंतरच्या अभ्यासात आले. आमच्या कामतशोधाने आमच्या घरात तेवढे नक्कीच केले.

निकाल लागला तेव्हा मी परत मुंबईला आले होते. भाची उत्तीर्ण झाली. तोंडी परीक्षेत बरे गुण होते. कामतांचा प्रश्न परीक्षकांनी गुणांत धरला की नाही, ते कळायला मार्ग नाही. त्याच रात्री तिने नोंदणीसाठी लागणारे कागद गोळा करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. त्या मुलाची आई पेढे घेऊन आली होती. "आता तुझी सय चलतली ना गो?" असे तिने विचारले म्हणे.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, अजून नाय काकी, नंबर येवचो हा. पण शाळेतल्या बाईंशी उद्या बोलते म्हटलं. त्याला पेपर वाचून दाखवायला तर कोणाची सही लागत नाही ना."